किंग जॉर्ज रस्त्यावरील धरणे



काही महिन्यांपूर्वी एका शब्बाथला तफिला आटोपल्यावर मंडळी किद्दुशच्या टेबलाभोवती जमली होती. बोलता बोलता विषय निघाला तो रस्त्यावर तंबू ठोकून बसणाऱ्या निदर्शकांचा. कोणाचे निदर्शन व कशासाठी, हे येथे महत्त्वाचे नाही. या देशात दर दोन-चार महिन्यांनी कोणी ना कोणी कोठे तरी बसलेले असतेच. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "पाण्याच्या दोन तोफा सोडल्या की तासाभरात रस्ता मोकळा होईल. आमच्या वेळी असले चाळे नव्हते." सर्वांनी माना डोलावल्या. खरे सांगावयाचे तर आम्हीही डोलावली. घरी परतताना जिना चढत असता मात्र आमच्या ध्यानी आले की, ह्याच गृहस्थांचा विवाह १९६५ साली ह्या देशात कोणतीही आडकाठी न येता नोंदला गेला आणि त्याच्या आदल्याच वर्षी आपले शेकडो समाजबांधव यरुशलेमच्या रस्त्यावर पथाऱ्या टाकून बसले होते. त्या पथाऱ्या नसत्या तर ती नोंद इतक्या सुखाने झाली असती, असे आम्हांस वाटत नाही.

हा इतिहास आपल्या तरुण पिढीस ठाऊक नाही, ह्यात नवल नाही. तो आपल्या वडीलधाऱ्यांच्याही विस्मृतीत जाऊ लागला आहे, ही गोष्ट मात्र आम्हांस बोचली. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम 'धरणे' ह्या शब्दाविषयी थोडेसे. हा शब्द आपण कोकणातून आपल्याबरोबर आणला. जुन्या काळी सावकार ऋणकोच्या दारात अन्नपाण्याविना बसून राही आणि घरधन्यासही लाजेकाजेस्तव जेवता येत नसे. मराठेशाहीत ह्या तगाद्याची पद्धत सर्रास होती. इंग्रजांना ती मुळीच आवडली नाही. १८६० च्या भारतीय दंडविधानातील ५०८ व्या कलमाचे उदाहरण देताना कायदा करणाऱ्यांनी दुसऱ्याच्या दारी धरणे धरून बसणाऱ्या मनुष्याचाच दाखला घेतला. दुसऱ्यावर देवाचा कोप होईल अशी भीती घालणे हा तो गुन्हा. म्हणजे निमूटपणे बसण्यातही एक प्रकारची जबरदस्ती असते, हे सरकारने दीडशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. जे बसतात त्यांनीही हे नाकारू नये. मात्र सावकार घराच्या दारी बसे आणि आपण ज्या धरण्याविषयी बोलत आहोत ते कचेरीच्या दारी असते. घराला शांततेचा हक्क आहे. कचेरीला तो तितकासा असू नये, असे आमचे मत आहे.

पुढे गांधीजींनी ह्या जुन्या हत्याराची धार बदलली. १९३० च्या सत्याग्रहाचे लोण आपल्या कुलाबा जिल्ह्यात पोहोचले. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहाच्या वेळी पोलिसांनी गोळ्या झाडल्या व माणसे मेली. पनवेल, पेण, अलिबाग येथे त्या काळी आपली कितीतरी घरे होती. ह्या वार्ता आपल्या ओटीवर बसून ऐकलेल्या आहेत. आपला समाज बहुतांशी नोकरीपेशाचा. पलटण, रेल्वे, टपाल, कस्टम, पोलीस ही आपली खाती. तेव्हा सरकारशी वैर नको असेच बहुतेकांचे धोरण होते. तरीही १९१६ साली लोकमान्य टिळकांवरील खटल्यात जिनांच्या जोडीने उभे राहिलेले वकील डेव्हिड एरुलकर हे आपलेच, आणि त्यांचे बंधू डॉ. अब्राहम एरुलकर ह्यांनी गांधीजींच्या प्रकृतीची देखभाल केली. थोडक्यात सांगावयाचे तर, धरणे धरणारा आणि त्याला उठविण्यासाठी लाठी घेऊन उभा असलेला शिपाई, हे दोघेही आपल्या ओळखीचे होते.

आमच्या घरात तर ते अगदी जवळचे होते. आमचे वडील मुंबई पोलिसांत होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि त्या एका दिवशी पंधरा जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी वडील तेथील बंदोबस्तावर होते. आज तेथे हुतात्मा चौक आहे. त्या दिवसाविषयी ते घरात कधीही बोलले नाहीत. आम्ही लहानपणी हट्टाने विचारले असता त्यांनी एवढेच सांगितले की, सकाळपासून पाणी मिळाले नव्हते. वडिलांची धाकटी बहीण, आमच्या आत्याबाई, त्याच दशकात यजमानांसह इस्रायलला आल्या व पुढे दिमोना येथे स्थायिक झाल्या. हे भाऊबहीण पुढे पुन्हा येतील, म्हणून येथे सांगून ठेवले.

आता यरुशलेमच्या किंग जॉर्ज रस्त्याकडे वळू. १९२४ साली इंग्रजांनी आपल्या राजाचे नाव देऊन हा रस्ता खुला केला. १९५० पासून १९६६ पर्यंत क्नेसेट ह्याच रस्त्यावरील फ्रुमिन हाऊस ह्या इमारतीत भरत असे. तेथून थोडे पुढे गेले की ज्यूइश एजन्सीची, म्हणजे आपल्या भाषेत सोखनूतची, प्रशस्त इमारत व तिचे आवार लागते. आणखी थोडे पुढे हेखाल श्लोमो, जेथे १९५८ पासून कितीतरी वर्षे मुख्य रब्बीनेटचे ठाणे होते. कायदा करणारे, वस्ती देणारे आणि विवाह लावणारे असे तिघेही एका रस्त्यावर, चालत पंधरा मिनिटांच्या आत. गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्याची किती सोय!

ह्या रस्त्यावरील सर्वांत मोठी दंगल आपली नव्हे. ७ जानेवारी १९५२ रोजी जर्मनीकडून भरपाई घेण्याच्या प्रश्नावर मेनाहेम बेगिन ह्यांच्या सभेतून निघालेला जमाव क्नेसेटवर चालून गेला. दगडांनी खिडक्या फुटल्या, अश्रुधूर सभागृहात शिरला, शेकडो जखमी झाले. त्याच्या आदल्याच महिन्यात हैफा बंदरात संपावर गेलेल्या खलाशांना पोलिसांनी जहाजांवरून बळाने उतरविले होते. राष्ट्राचे वय साडेतीन वर्षांचे, भाकरी रेशनची, आणि तीन-साडेतीन वर्षांत सुमारे सात लाख माणसे आलेली व त्यांतील पुष्कळशी मआबारांच्या तंबूत पडलेली. सरकारला प्रत्येक जमावात शत्रू दिसत होता.

त्याच हिवाळ्यात आपल्या माणसांचे पहिले धरणे झाले, तेही तेल अवीवला सोखनूतच्या कचेरीपुढे. बीर शेवा व आसपासहून आलेल्या ह्या कुटुंबांची तक्रार रंगभेदाची होती. काम देताना, घर देताना, एवढेच नव्हे तर पाव देतानासुद्धा आपणांस काळे म्हणून काळा पाव दिला जातो, असे ते सांगत. त्यांची मागणी ऐकून सारा देश चकित झाला: आम्हांस भारतात परत पाठवा. बसून भागले नाही तेव्हा उपोषणे झाली. अखेरीस १९५२ ते १९५४ ह्या काळात सोखनूतने एकूण ३३७ जणांना कुटुंबांसह भारतात परत नेऊन सोडले. पुढे काही वर्षांत त्यांतील बहुतेकांनी पुन्हा इस्रायलचा रस्ता धरला आणि सोखनूतनेच त्यांना परत आणले.

ह्या प्रकरणावर तेव्हा हसणारे पुष्कळ होते व आजही आहेत. जायचे होते तर आलात कशाला, आणि गेलात तर परत का आलात? आम्हांस ह्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. मनुष्य ज्या घरावर रुसतो त्याच घरात परत येतो; परक्या घरावर कोण रुसेल?

दुसरे धरणे अधिक गंभीर कारणाने झाले. मुळात शंका जुनी होती. आपण कोकणात शेकडो वर्षे इतर यहूदी समाजांपासून दूर राहिलो. त्या काळात घटस्फोट व विधवाविवाह हे धर्मशास्त्राच्या बारीक नियमांप्रमाणे झाले असतील काय, असा संशय काही रब्बी घेत. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बीनेटच्या मंडळाने बेने इस्रायलशी विवाह करण्यास मनाई नाही असा निर्णय दिला. लोकांना वाटले, झाले, मिटले. परंतु फेब्रुवारी १९६२ मध्ये विवाह नोंदविणाऱ्या रब्बींसाठी सूचना निघाल्या. बेने इस्रायल वधू किंवा वर समोर आला की त्याची आई, आईची आई, आणि त्याहीमागे जाता येईल तितके जाऊन त्या यहूदी होत्या की नाहीत हे तपासावे; आईबाप व आजीआजोबा ह्यांच्यापैकी कोणाचा घटस्फोटानंतर पुनर्विवाह झाला होता काय, निषिद्ध नात्यात लग्न झाले होते काय, हे पाहावे; शंका उरल्यास प्रकरण धर्मन्यायालयाकडे धाडावे. त्या वेळी सेफार्दी मुख्य रब्बी इत्झाक निस्सीम हे होते.

ज्या समाजाने तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवून 'शनवार तेली' हे नाव मिळविले, त्याच्या मुलीला रेवदंड्याच्या पणजीचा विवाहलेख आणावयास सांगणे म्हणजे काय, हे वाचकांस उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही. कित्येक ठरलेली लग्ने खोळंबली. अर्ज झाले, शिष्टमंडळे झाली, सभा झाल्या. दोन वर्षे ह्यात गेली. शेवटी १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून आपली शेकडो माणसे यरुशलेमला आली आणि किंग जॉर्ज रस्त्यावर सोखनूतपुढे बसली.

आत्याबाई तेव्हा पंचविशीच्या होत्या. पदरी दोन मुले, एक चालते आणि एक कडेवरचे. दिमोनाहून बीर शेवा व तेथून यरुशलेम, अशा दोन बस बदलून त्या आल्या, बरोबर वळकटी, स्टोव्ह आणि तांदळाची पिशवी. पुढे आम्ही येथे आल्यावर त्यांनी आम्हांस पुष्कळ वेळा हे सांगितले. दिवसा उकाडा आणि रात्री डोंगरावरचा गारठा, चादरी पुरत नसत. बायकांना सर्वांत मोठी अडचण न्हाणीघराची. पुरुष तल्लीथ घेऊन सकाळची तफिला तेथेच करीत. येणारेजाणारे थांबून पाहत. कोणी फळे आणून देई, कोणी उगाचच नाक मुरडून जाई. एका बाईने मुलांच्या हातात चॉकलेटे ठेवली आणि आत्याबाईंना यिद्दिशमध्ये बराच वेळ काही समजावून सांगितले, त्यातला एकही शब्द ह्यांना कळला नाही.

आपल्यातही एकमत नव्हते. आत्याबाईंच्या सासऱ्यांना हे पसंत नव्हते. धर्मगुरूंविरुद्ध रस्त्यावर बसणे म्हणजे तोराचा अपमान, आणि परके लोक पाहून हसतील, असे त्यांचे म्हणणे. ते सबंध काळ दिमोनाला घरीच राहिले आणि सुनेशी पुढे सहा महिने बोलले नाहीत. अशी घरे थोडी नव्हती. त्या सासऱ्यांना आम्ही चूक म्हणणार नाही. ज्यांनी परक्या देशात येऊन नुकते कोठे छप्पर मिळविले आहे, त्यांना शेजाऱ्याच्या हसण्याची भीती वाटणारच.

पोलीस होतेच. आत्याबाईंच्या समोर एक तरुण शिपाई उन्हात उभा असे. पहिल्या दिवशी त्याला पाहून त्यांच्या पोटात गोळा आला, कारण भावाचा हुद्दा ठाऊक असला तरी पोलीस म्हणजे काय हेही ठाऊक होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याने विचारले, "तुम्ही येथून कधी उठणार?" आत्याबाईंचे हिब्रू त्या काळी चार शब्दांचे. त्यांतला एक शब्द त्यांनी दिमोनाच्या प्रत्येक कचेरीच्या खिडकीवर ऐकला होता, तोच त्यांनी सांगितला: "माखार." उद्या. शिपाई मोठ्याने हसला. दुसऱ्या दिवशी त्याने तेच विचारले आणि ह्यांनी तेच सांगितले, आणि मग ती रोजची थट्टाच झाली.

त्या सुमारास त्यांना मुंबईहून आमच्या वडिलांचे हवाई पत्र आले. बहिणीने धरण्यास जात असल्याचे कळविले होते, त्याचे हे उत्तर. जाऊ नकोस असे त्यात नव्हते, जा असेही नव्हते. त्यात लिहिले होते: पोलीस उचलावयास आले तर अंग सैल सोड. हात झटकू नकोस, चावू नकोस, शिपायाच्या पट्ट्याला धरू नकोस. मुलांना पुढे बसवू नकोस. जमाव मागे सरला की पुढची माणसे चिरडत नाहीत, मागची चिरडतात, तेव्हा बाजूला भिंतीजवळ बैस. चष्मा असेल तर काढून ठेव. बांगड्या काचेच्या घालू नकोस. पत्राच्या शेवटी घरच्या मंडळींची खुशाली होती. ते पत्र आत्याबाईंनी जपून ठेवले होते व आम्ही ते वाचले आहे. फ्लोरा फाउंटनविषयी वडील आमच्याशी जे कधी बोलले नाहीत ते सर्व, आमच्या मते, त्या दहा ओळींत आहे.

त्या सूचनांची गरज पडली नाही. १९६४ चे धरणे लाठीने मोडले गेले नाही. ते क्नेसेटात संपले. उन्हाळ्याची सुट्टी असूनही १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटचे खास अधिवेशन बोलावले गेले. पंतप्रधान लेवी एश्कोल ह्यांनी सरकारच्या वतीने जाहीर केले की, भारतातील बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी यहूदी आहेत, विवाहासारख्या वैयक्तिक बाबींतही त्यांचे हक्क इतर यहूद्यांच्या बरोबरीचे आहेत, आणि रब्बीनेटने लोकमताचा विचार करून ह्या समाजाच्या मनातील भेदभावाची भावना दूर करण्याचा मार्ग काढावा. ३१ ऑगस्टला रब्बीनेटच्या मंडळाने सूचनांतून 'बेने इस्रायल' हे शब्द वगळले आणि त्यांच्या जागी, ज्या कोणाच्या कौटुंबिक शुद्धतेविषयी शंका असेल त्याच्याबाबत, अशा अर्थाची सर्वसाधारण शब्दयोजना केली. नाव गेले, नियम राहिला. हा विजय पुरा म्हणावा की अर्धा, ह्यावर तेव्हाही वाद झाले. १९९७ साली पेताह तिक्वा येथे हा प्रश्न पुन्हा डोके वर काढून गेला, ह्यावरून अर्धा म्हणणाऱ्यांचेही अगदीच चुकले नव्हते असे दिसते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. त्या उन्हाळ्यात पोलिसांनी संयम पाळला, तो का? आपण शांत व सभ्य होतो म्हणून, असे उत्तर आपल्यात अभिमानाने दिले जाते. ते खोटे नाही, परंतु पुरेसे नाही. १९५९ च्या जुलैत हैफाच्या वादी सालीब वस्तीत एका मोरोक्कन रहिवाशावर पोलिसाने गोळी झाडली आणि सारी वस्ती पेटून उठली. त्यानंतर सरकारी चौकशी झाली. त्या आगीची धग १९६४ साली राज्यकर्त्यांना अजून जाणवत असावी. शिवाय आपली मागणी पैशाची नव्हती. घरे द्या, कामे द्या असे आपण म्हणत नव्हतो. सरकारला ती मान्य करण्यास एक पौंडही खर्च नव्हता, आणि ज्यांच्याविरुद्ध आपण बसलो होतो त्या रब्बीनेटशी सरकारातील कित्येकांचेही फारसे जमत नव्हते. अशा वेळी शिपायाला लाठी खाली ठेवण्याचा हुकूम मिळतो. १९७१ मध्ये यरुशलेमच्याच मुसरारा वस्तीतील तरुणांनी 'ब्लॅक पँथर्स' ह्या नावाने घरे व शाळा मागितल्या, तेव्हा त्यांच्या पहिल्या निदर्शनास परवानगी नाकारली गेली आणि म्होरक्यांना आदल्या दिवशीच पकडण्यात आले. १८ मे १९७१ च्या रात्री सियोन चौकात लाठ्या चालल्या, अनेकांना अटक झाली. ही मुले चांगली नाहीत, असे पंतप्रधान गोल्डा मेईर ह्यांचे मत पडले. आम्ही शिक्षक आहोत; वर्गात 'चांगली मुले' कोणास म्हणतात हे आम्हांस ठाऊक आहे. जी मागत नाहीत ती.

कायद्याने ह्यात लक्ष घातले ते पुढे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साअर खटल्यात निदर्शनाचा हक्क हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला. १९८४ चा लेव्ही खटला अधिक महत्त्वाचा. १० फेब्रुवारी १९८३ रोजी यरुशलेममधील निदर्शनात बाँब टाकला गेला व एमिल ग्रुन्झवाइग हा तरुण ठार झाला. त्याच्या स्मरणार्थ महिन्याने मिरवणूक काढावयाची होती, ती पोलिसांनी विरोधी जमावाच्या भीतीने नाकारली. न्यायमूर्ती अहारोन बराक ह्यांच्या निकालाचा आशय असा: केवळ भीती पुरेशी नाही, सार्वजनिक सुरक्षिततेला गंभीर धोका होईल अशी जवळजवळ खात्री हवी, आणि जमाव अंगावर येण्याची शक्यता असेल तर निदर्शकांना घरी बसविणे हे पोलिसांचे काम नव्हे, त्यांचे रक्षण करणे हे आहे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पन्नासांहून अधिक लोकांची उघड्यावरील मिरवणूक, किंवा राजकीय भाषणे असलेली सभा, ह्यांस परवाना लागतो. भाषण नाही, मिरवणूक नाही, माणसे नुसती फलक घेऊन उभी वा बसलेली आहेत, तर लागत नाही. आपले वाडवडील हा नियम वाचून बसले नव्हते. त्यांना बसण्याची तऱ्हा ठाऊक होती, इतकेच.

ह्या सर्व हकिकतीतील जो भाग आम्हांस सर्वांत अवघड वाटतो तो १९८५ चा आहे. १९८४ च्या नोव्हेंबरपासून जानेवारी १९८५ पर्यंत 'ऑपरेशन मोझेस'मध्ये सुमारे सात-आठ हजार इथिओपियन यहूदी सुदानमार्गे येथे आणले गेले. वाटेत सुदानच्या छावण्यांत त्यांची हजारो माणसे मेली होती. येथे आल्यावर विवाहापूर्वी त्यांनी शुद्धीची डुबकी घ्यावी असा रब्बीनेटचा आग्रह पडला, म्हणजे त्यांच्याही यहूदीपणाविषयी शंका. ते लोक १९८५ च्या शरद ऋतूत हेखाल श्लोमोसमोर जाऊन बसले आणि सुमारे महिनाभर बसून राहिले. रोश हशाना व योम किपुर त्यांनी त्या पदपथावरच काढले. जागा आपल्या धरण्यापासून हाकेच्या अंतरावर, प्रश्न तोच, समोरची कचेरीही तीच. शेवटी तडजोड झाली. पुरा उलगडा झालाच नाही. १९८९ मध्ये नेतान्याचे रब्बी डेव्हिड शेलूश ह्यांच्याकडे त्यांचे विवाह नोंदविण्याचे काम आल्यावर त्यांना निदान एक दार उघडे मिळाले. पुढे २०१५ मध्ये गणवेशातील एका इथिओपियन सैनिकाला होलोन येथे पोलिसांनी मारहाण केल्याचे चित्रण बाहेर आले आणि तेल अवीवच्या राबिन चौकातील निदर्शनावर पाण्याच्या तोफा व आवाजी बाँबगोळे सोडले गेले. २०१६ साली एमी पालमोर ह्यांच्या समितीने ह्या समाजाला मिळणाऱ्या वागणुकीतील वंशभेद सरकारी अहवालात नोंदविला. तेव्हा पोलिसांचा हात कोठे सैल पडतो आणि कोठे घट्ट, ह्याला निदर्शकाचे वर्तन हे एकच कारण नसते. आपण गोरे नाही. हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

रस्ता अडविणाऱ्यांच्या विरुद्ध जे बोलले जाते त्यात तथ्य नाही असे आमचे म्हणणे नाही. अँब्युलन्स अडली तर ते पाप आहे. २०११ च्या उन्हाळ्यात घरभाड्यासाठी तेल अवीवच्या रॉथशिल्ड बुलेव्हारवर जे तंबू पडले, ते शरदात नगरपालिकेने उचलले, तेव्हा तेथे राहणाऱ्या दुकानदारांनी सुटकेचा नि:श्वास टाकला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. २०२३ मध्ये आयालोन महामार्गावर जे घडले त्यावर तर आपल्या प्रत्येक घरात दोन पक्ष आहेत. आम्हांस मात्र ह्या संदर्भात मार्च २०१८ मधील महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवतो. नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले ते हजारो शेतकरी मुंबईत दहावीच्या मुलांचे पेपर आहेत म्हणून दिवसा रस्ता अडवावयाचा नाही, असे ठरवून रात्री चालले व पहाटे आझाद मैदानात पोहोचले. त्यांच्या पायांना फोड आले होते. परीक्षेच्या सकाळी मुले वेळेवर पोहोचतील की नाही ही चिंता ज्याने आयुष्यभर केली आहे, त्यालाच ह्या गोष्टीचे मोल कळेल. परंतु इतके करूनही जर कोणी ऐकले नसते, तर त्यांनी दिवसा रस्त्यावर बसू नये असे सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नसते.

किद्दुशच्या दिवसानंतर आम्ही आत्याबाईंना भेटावयास गेलो. वय झाले आहे, परंतु स्मरण शाबूत आहे. १९६४ च्या गोष्टी त्यांनी पुन्हा आनंदाने सांगितल्या, 'माखार' म्हणताना पुन्हा हसल्या. मग आम्ही विचारले की, १९८५ मध्ये इथिओपियाचे लोक तेथेच बसले होते तेव्हा आपल्यातील कोणी त्यांच्याकडे गेले होते काय?

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बसमधून पाहिलं होतं. तुझे काका बरोबर होते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे चाललो होतो. त्यांच्या बायका पांढरी वस्त्रं पांघरून भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकीच्या कडेवर मूल होतं. मी ह्यांना म्हटलं, उतरूया का? हे म्हणाले, आपली वेळ चुकेल. तोवर सिग्नल सुटला."